बाराच्या वरचा

‘पडला,’ एवढंच म्हणून आबा फोन ठेवायचे.

पहिल्यांदा मला वाटलं, टॉवरच पडला. विचुंब्याच्या अर्धवट टॉवरमध्ये घर बुक करून बसलेल्या माणसाने ‘पडला’ ऐकल्यावर दुसरं काय समजायचं? उलट फोन केला तर शांतपणे म्हणाले, ‘पाचवा स्लॅब पडला, भाऊ. तूच बोल्लास ना, सांगा म्हनून?’ स्लॅब भरला की पडला म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

टॉवरची जमीन एकेकाळी आबांची. ती कशी गेली, हे मी कधी विचारलं नाही. समोरच्या दगडावर बसून, एका हाताने टोपी धरून, मान मागे टाकून ते मजले मोजायचे. बिल्डरच्या ऑफिसात ‘काम जोरात आहे, सर’ यापलीकडे काही कळत नसे. तेव्हा खांदा कॉलनीतल्या भाड्याच्या घरात बसून मी आबांना पहाऱ्याला लावलं. घर बुक केलेल्यांपैकी तुम्ही असाल, तर तुम्हीही असा एखादा आबा गाठला असेल.

माझं घर तेराव्या मजल्यावर. आबा मात्र तेरावा म्हणत नसत. ‘मानूस गेल्यावं तेरावा करतान. घराला तसा बोलाचा नाय.’ त्या दिवशी फोन आला, ‘बाराच्या वरचा पडला. तुजा.’ माझ्यापेक्षा त्यांनाच आनंद झाला होता.

बदल्यात एकच मागणं. ‘पुरा झाला का मना वर ने. माजा बांध कुठशी कुठं व्हता, तुला दाखवतो.’

‘आबा, वास्तुशांतीला पहिले तुम्ही,’ मी म्हणालो होतो.

वास्तुशांतीला आमचे साहेब आले, पुण्याचे व्याही आले. जेवणं चालू असताना गेटवरून इंटरकॉम वाजला. ‘सर, एक आजोबा आलेत. पाय चिखलाचे आहेत. बाराच्या वर जायचंय म्हणतात.’

साहेब शेजारीच उभे होते. मी म्हणालो, ‘गावातलं कोणीतरी असेल. नंतर यायला सांगा.’

पलीकडून आबांचा आवाज ऐकू आला. ‘ऱ्हाऊ दे. त्याच्याकरं पावनं हायेत.’

ते वालाच्या शेंगांची पिशवी ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही उसळ केली, व्याह्यांनी दोनदा मागून घेतली. शेंगा कुणी दिल्या, हे मी सांगितलं नाही. आबांना फोन करीन म्हणता म्हणता चार महिने गेले. लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून फोन होत नव्हता.

परवा इंटरकॉम वाजला. आबांचा मुलगा गेटवर होता. या वेळी मी ताबडतोब म्हणालो, ‘वर पाठवा.’

तो दारातच चपला काढून आत आला. ‘रविवारी आबांचा तेरावा हाय. तुमाला सांगाचा, असा त्यांनी बोलून ठेवला व्हता.’

पाणी पिऊन तो गॅलरीत गेला. टॉवरच्या पुढे टॉवर, मध्ये रस्ता, पार्किंग. बराच वेळ तो खाली बघत राहिला.

‘आमचा बांध कुठशी व्हता ओ?’ त्याने मला विचारलं. ‘मी लहान व्हतो. आबा बोल्ले, त्यांनी तुमाला दाखवला हाय.’