पप्पांच्या हातचं तबक

आमचे पप्पा सायकलवाले. सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक पत्र्याची टपरी. पुढं पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं, आणि वर टांगलेल्या जुन्या टायरी. तेच पप्पा रविवारी पांढराशुभ्र शर्ट घालून चर्चचे डीकन, म्हणजे विधीतले सेवक, व्हायचे. शनिवारी संध्याकाळी लिंबाची साल आणि राख घेऊन ते हात घासायला बसायचे. आई ओरडायची, "अवो, कातडं निघंल की आता!"

"निगू दे. उद्या या हातात प्रभूचा प्याला असतोय," असं पप्पांचं उत्तर ठरलेलं.

हात मात्र देवानं दिलेले. सायकलच्या चाकात बारीक छर्रे असतात, मोहरीपेक्षा जरा मोठे. भलेभले ते भरताना चार पाडतात आणि मग रस्त्यावर उकिडवे बसून शोधतात. पप्पा गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, न बघता छर्रे भरायचे. खाली एकही जायचा नाही. नाक मात्र मेलेलं. ट्यूबला ठिगळ लावायचं सोल्युशन आणि रॉकेल, यांच्या वासात जन्म गेलेला. घरात दूध करपलं तरी हा माणूस शांतपणे विचारायचा, "काय झालं?"

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा अंगठ्याएवढा प्याला. आमची मंडळी दारूला शिवत नाहीत, म्हणून नुसता रस, तोही घरी केलेला. भोकाभोकांच्या स्टीलच्या तबकात प्याले मांडून दोन डीकन बाकाबाकानं फिरतात. उजवी बाजू पप्पांची. प्याला घेतला तरी लगेच प्यायचा नाही, हातात धरून बसायचं. शेवटच्या माणसाला मिळाला की पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि मग सगळे एकदम पितात. ज्याला काही चुकीपायी मंडळीनं, म्हणजे चर्चनं, शिस्त लावली असेल, त्याच्यापुढून तबक तसंच पुढं जातं. चारचौघांत याच्याइतकी मोठी नामुष्की आमच्याकडे दुसरी नाही.

रस करायचा मान पप्पांचा. काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, स्वच्छ पंचात गाळायच्या. आईनंसुद्धा पातेल्याला हात लावायचा नाही! वर ऐट केवढी, "माझा रस आठ दिवस बिघडत न्हाई."

आता कुंभारी गावच्या काकांचं सांगते. हे गवंडीकाम करायचे. दारूनं पार धुतलेला माणूस. बायको कानडीत रडत पाळकसाहेबांकडं आली, आणि पाळकसाहेबांनी तिला पप्पांकडं धाडलं. पप्पांनी उपदेशबिपदेश काही केला नाही. म्हणाले, "गुत्त्याकडं पाय वळायची येळ झाली की हितं येऊन बसायचं. हातात चाक द्येतो." मग काका रोज संध्याकाळी टपरीत बसून वाकडी चाकं फिरवत तारा आवळायचे, आऊट म्हणजे चाकाचा वाक काढायचे. सुरुवातीला हात असे कापायचे की चाक आणखीच वाकडं व्हायचं. पप्पा ते गुपचूप परत सरळ करायचे. असं करत करत काकांची सुटली. खोकल्याचं औषधसुद्धा घ्यायचे नाहीत, त्यात काय असेल काय माहीत म्हणून. पण पप्पा आईला म्हणायचे, "त्याचं एका घोटावर हाय. एक घोट गेला की गडी गेला."

मी कॉलेजात होते त्या वर्षी एप्रिलातच सोलापूरची भट्टी झाली होती. जेऊरला नात्यात लग्न निघालं, म्हणून पप्पांनी रस गुरुवारीच करून फ्रिजमध्ये ठेवला आणि आम्ही गेलो. परत आलो तर शेजारीण म्हणाली, दोन दिवस लाइटच नव्हती. आई म्हणाली, "रस बदला." पप्पांनी बाटलीला नाक लावलं आणि म्हणाले, "झकास हाय." त्या नाकाला विचारून काय उपयोग होता! म्हणतात ना, गर्वाचं घर खाली.

रविवारी आई आणि मी उजव्या बाजूला, काकांच्या मागच्या बाकावर होतो. पप्पा तबक घेऊन आले. खिडकीतून ऊन थेट प्याल्यांवर पडत होतं. पप्पा थांबले. घमेल्यात ट्यूब बुडवून जन्म काढलेला माणूस, बुडबुडा त्यांच्या नजरेआड होणार? प्याल्यांच्या तळातून बारीक बुडबुडे वर येत होते. रस आंबला होता.

पुढच्याच जागी काका. दुसऱ्या बाजूला एक आजी होत्या, त्यांना कधी धीर निघाला नाही. त्यांचा आवाज आला, "आज रस लई झ्याक झालाय की!" लोक गालात हसले.

पप्पांनी काकांकडं बघितलं. आणि मग तबक खाली पडलं.

आवाज असा झाला की पाळकसाहेबांच्या हातातलं पुस्तक मिटलं. काचा, रस, पप्पांचा पांढरा शर्ट, सगळं लालेलाल. प्रभूचा प्याला जमिनीवर! म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. पाळकसाहेबांनी विधी पुढच्या रविवारवर ढकलला, आणि उरलेला रस रिवाजाप्रमाणे आवारातल्या चाफ्याच्या बुंध्याशी ओतला. पप्पा गुडघ्यावर बसून एकेक काच वेचत होते. कोणी विचारलं तर एवढंच म्हणायचे, "माझ्या हातनं पडलं."

दुपारी घरी ते जेवले नाहीत. आईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "तबक पुढं न्यावं तर अख्ख्या मंडळीला वाटलं असतं, यानं परत प्यायली. कानात सांगावं तर सगळ्यांदेखत त्याला प्याला नाकारायला लागला असता. आन् द्यावा, तर त्यो मी माझ्या हातानं दिला असता." मग आमच्या दोघींकडं बघून म्हणाले, "ह्ये हितंच ऱ्हायलं पायजे."

राहिलं. पण त्याची किंमत पप्पांनी मोजली. पंचमंडळी बसली, वय झालं, हात थरथरतात, असं ठरलं, आणि पप्पांचं तबक काढून घेतलं. त्यांना दारात गीतपुस्तकं वाटायला उभं केलं. मी घरात आदळआपट केली. म्हटलं, "जाऊन सांगा ना खरं!" पप्पा म्हणाले, "खरं सांगायचं म्हंजे त्याचं नाव घ्यायचं." पुढं शनिवारी हात घासणं मात्र त्यांनी सोडलं नाही. कशासाठी घासता, असं विचारायची आमची छाती झाली नाही.

आणि मला? मला त्या कुंभारीच्या काकांचा असा राग यायचा की विचारू नका. ते दारात "सलाम" म्हणाले की मी नुसती मान हलवायची. हा बाप्या मजेत बाकावर बसतो, आणि याच्यापायी माझा बाप दारात उभा!

पप्पा गेल्या उन्हाळ्यात गेले. माती झाली, लोक पांगले, आणि काका संध्याकाळी एकटे घरी आले. केस पिकलेले, पण ताठ. मी चहा ठेवला. चहाला त्यांनी हात लावला नाही.

"बाळ, त्या दिशीचं तुला आठवतंय? तबक पडलं त्ये?"

मी चहाचा कप त्यांच्याकडं सरकवला.

"वास मला आदीच आला हुता. तबक दोन बाकं लांब हुतं तवाच. बाराच्या भावात गेलेल्या माणसाला त्यो वास लांबनं कळतोय. मला उटून भाईर जाता आलं असतं. मी उटलो न्हाई." त्यांनी उजवा हात पुढं केला, पंजा पसरून. "ह्यो हात मी असा म्होरं क्येला हुता. तुज्या पप्पांनी हाताकडं बघितलं, मग माज्या तोंडाकडं बघितलं." त्यांनी पंजा मिटून हात मांडीवर घेतला. इतकी वर्षं मला वाटत होतं, पप्पांनी काकांना त्यांच्या नकळत वाचवलं.

"कदी काय बोलले का त्ये, माज्याबद्दल?"

पप्पांनी बजावलेलं होतं, हितंच राहिलं पाहिजे. मी म्हणाले, "नाही काका. हातातनं पडलं, एवढंच म्हणायचे."

काका गार झालेला चहा एका दमात प्यायले आणि उठले.

"पडलं म्हनं," ते चपला घालता घालता म्हणाले. "त्या मानसाच्या हातनं उभ्या जन्मात एक छर्रा खाली पडला न्हाई, बाळ."