घरटी एक नाव

महिपत सनगरे किती सरळ माणूस आहे, हे त्याच्या वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एसटीत सापडलेली कुणाची छत्री तो घर शोधत जाऊन परत देतो, आणि देण्याआधी ती वाळवतो. पण सरकारला हे पोलिसांच्या तोंडून ऐकायचं होतं, कारण महिपतला रत्नागिरीत रिक्षा चालवायची होती. प्रवासी बसवायचे तर बॅज हवा, बॅज हवा तर चारित्र्याचा दाखला हवा, आणि दाखला हवा तर कुणा पोलिसाने देवरूखच्या वरचा डोंगर चढून त्याच्या वाडीत यायला हवं. अर्जाची फी महिपतने भरली. बाकीचा सगळा खर्च, म्हणजे पोलिसाचा दिवस, पेट्रोल, कचेऱ्या हिंडणारे कागद, हा तुमच्या-आमच्या खिशातला. त्याबद्दल कुरकुर नाही. रिक्षात आपलीच बायकापोरं बसतात, चालवणारा कोण हे कुणीतरी बघायलाच हवं. कुरकुर आहे ती पुढच्या गोष्टीबद्दल.

मुंबईतलं गोदाम बंद पडल्यावर महिपत बायकोला, नम्रताला, घेऊन रत्नागिरीत भाड्याच्या खोलीत राहू लागला. नम्रता हेदवीची. तिचा भाऊ गुरुप्रसाद बोटीवर कामाला गेला आणि त्याची परमिटची रिक्षा अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. त्याने भावोजींना सांगून ठेवलं होतं, बॅज आणा आणि गाडी घेऊन जा. होळीपर्यंत थांबेन, मग मात्र दुसऱ्याला देईन, उभी गाडी सडते. गाडी फुकट, वर घरची. महिपतसारख्याच्या नशिबी असं दान एकदाच पडतं.

पहिला अर्ज मात्र परत आला. महिपतच्या नावावर दंगल आणि मारामारीचा खटला होता.

हा खटला कसा लागला ते ऐकण्यासारखं आहे. नऊ वर्षांपूर्वी शिमग्यात, पालखी आधी कुणाच्या अंगणात जायची यावरून दोन वाड्यांत जुंपली. सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावर, दगड आले, काठ्या आल्या, पलीकडच्या वाडीतल्या एकाचं डोकं फुटलं. सकाळी पोलीस आले आणि नावं मागू लागले. गावकीची बैठक बसली. गावकार दाजींनी तोडगा काढला, घरटी एक नाव द्यायचं. कुणावर अन्याय नको. आणि ज्या घरातला माणूस मुंबईला आहे, तिथे त्याचंच नाव द्यावं. तो काही पोलिसांच्या हाताशी नाही, आणि तारखेला येईल तेव्हा घरचं तोंडही बघेल. सगळ्यांना हे फार शहाणपणाचं वाटलं. सनगऱ्यांच्या घरातून महिपतचं नाव गेलं. त्या रात्री तो गोदामात माल उतरवत होता. दगड मारला होता त्याच्या थोरल्या भावाने, बाबूने. पण बाबू शाळेत शिपाई, घरात पक्की नोकरी तेवढी एकच. महिपतला फोनवर कळवलं, तो म्हणाला, "बरं."

दोन्ही वाड्या पुढच्याच वर्षी एका पंगतीला जेवल्या. डोकं फुटलेला माणूस बाबूच्या पोरीच्या बारशाला आला आणि त्याने दोनदा श्रीखंड वाढून घेतलं. पण गुन्हा सरकारने नोंदवलेला, तो देवाला नारळ देऊन मिटत नाही. तो तारखेमागून तारखा खात बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. फरक इतकाच की इथे संन्याशाने आपण होऊन मान पुढे केली होती, आणि आता ती निघत नव्हती.

नम्रता मात्र सोडणारी नव्हती. तिने गोदामाचा जुना सुपरवायझर फोनवर गाठला. त्या रात्री महिपत कामावर होता हे सांगायला तो तयार होता. महिपतने फक्त चौकशीला येणाऱ्या पोलिसासमोर तोंड उघडायचं, की मग पुढची चाकं फिरणार. रात्रंदिवस ती हेच सांगत राहिली, आणि दुसरा अर्ज गेला. महिपत हो म्हणाला. खरंच म्हणाला. वाडीत यायला निघाला तेव्हा त्याच्या मनात तेच होतं.

चौकशीला राजश्री नावाच्या हवालदार आल्या. गाडी रस्त्यावर ठेवून जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी चढून आल्यामुळे त्यांचा चेहरा लाल झाला होता. बाबूच्या ओटीवर खुर्ची मांडली, कोकम दिलं. बोलावलं नव्हतं तरी दाजींसकट निम्मी वाडी गोळा झाली आणि प्रत्येक जण महिपतची तारीफ करू लागला. असा पोरगा गावात दुसरा नाही. दारूला शिवत नाही. कुणाच्या काजूची बी उचलणार नाही. महिपत खाली मान घालून ऐकत होता. ही सगळी माणसं खरं बोलत होती आणि त्याचा गळा आवळत होती. त्याला संताप आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. आपलेच दात, आपलेच ओठ.

राजश्रीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या दाजींकडे न बघता महिपतला म्हणाल्या, "इतका चांगला माणूस दंगलीत कसा सापडला? त्या रात्री तुम्ही होतात कुठे? मुंबईत असाल तर आत्ता सांगा. मी तसं लिहिते. मग दगड कुणी मारला ते आम्ही बघू."

नम्रता दाराच्या चौकटीला धरून नवऱ्याकडे बघत होती. बाबू पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता आणि पाणी त्याच्या पायावर सांडत होतं, त्याला पत्ता नव्हता. महिपतला सगळं एकदम दिसलं. फिर्यादीत लिहिलं होतं की दगड सनगऱ्यांच्या घरातल्या माणसाने मारला, आणि त्या घरात पुरुष दोनच. एक मुंबईत ठरला की दुसरा आपोआप सहाणेवर उभा राहतो. मग बाबूची नोकरी जाईल. मग दाजींनी खोटी नावं दिली हे निघेल, घरोघरी पोलीस येतील, आणि सनगऱ्यांचं घर वाळीत पडून पालखीच्या वाटेवरून कायमचं उतरेल. बोलला असता तर सुटला असता. पण सुटून जाणार कुठे?

"मी इथंच व्हतो," महिपत म्हणाला.

राजश्रीबाईंनी पेन उघडलं आणि म्हटलं, "ठीक आहे. तुमचं बोलणं ऐकलेल्या दोघांच्या सह्या लागतील."

दाजींनी सही केली. दुसरं कोण, म्हणून सगळे इकडेतिकडे बघू लागले, तेव्हा बाबूने तांब्या खाली ठेवला, लुंगीला हात पुसले आणि सही केली. शाळेच्या पगारपत्रकावर करतो तशी, पूर्ण नाव लिहून, खाली रेघ मारून.

राजश्रीबाईंना काय समजायचं ते समजलं होतं. निघताना पाखाडीच्या तोंडाशी त्या महिपतला म्हणाल्या, पुन्हा अर्ज केलात तर मला पुन्हा यावं लागेल, आणि मी येईन, तेच माझं काम आहे. पण तुम्ही हेच सांगणार असाल तर मी हेच लिहीन. आणि त्या उतरल्या. एक पोलीस, एक गाडी, एक अख्खा दिवस खर्चून सरकारने त्या डोंगरावरून एक खोटी गोष्ट विकत घेतली, तीही साक्षीदारांच्या सह्यांनिशी. तिकडे स्टँडवर एक बॅजवाला दुपारीच झिंगून रिक्षात घोरतो. त्याच्या नावावर काही नाही, कारण त्याच्या गावाने त्याचं नाव कधी दिलं नाही.

नम्रता अंगणाच्या कडेला, रेंज येते तिथे गेली. ती ओरडली नाही, रडली नाही. महिपतला तिचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

"दादा, होळीपर्यंत थांबू नको. गाडी दुसऱ्याला दिलीस तरी चालेल."

ओटीवरची माणसं एकेक करून उठली. दाजींनी जाताना महिपतच्या पाठीवर हात ठेवला, तो त्याला झटकून टाकता आला नाही. बाबू घरात जाऊन आला आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "जेवान झालाय. जेवून जा."

देवरूखची एसटी चारला होती. त्याआधी डोंगर उतरायला काही नव्हतं. महिपतने हात धुतले आणि भावाशेजारच्या पाटावर जाऊन बसला.