अडीचशे शब्दांची बॅच

शाळेत होते तेव्हा वह्या तपासून झाल्या की माझ्याकडे रद्दी उरायची. रिटायर झाल्यापासून किस्से उरतात. रद्दीवाला निदान महिन्यातून एकदा येतो, किश्शांना न्यायला कोणी येत नाही. म्हणून म्हटलं, तुम्हांलाच सांगून टाकावेत.

तर राजारामपुरीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी क्लास घेते. परदेशी जाणाऱ्यांना ती इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते ना, तिच्यातल्या फक्त रायटिंगचा. ऐकणं, वाचणं लोक कसंबसं निभावतात. बोलण्याची तर काळजीच नको. कोल्हापूरच्या माणसाला इंग्रजीत बोलायला लावलं तर त्याला थांबवावं लागतं. पण लिहायला सांगितलं की तो आधी पाणी मागतो.

एक तास, दोन उत्तरं. पहिलं दीडशे शब्दांचं, म्हणजे कुणाला पत्र नाहीतर आलेखाचं वर्णन. दुसरं अडीचशे शब्दांचा निबंध. एवढ्याशा गोष्टीपायी माझा घसा कायमचा बसलाय. स्वभाव मुळात तापट, त्यात ही माणसं. मागच्या बॅचला तिघंच होती, पण तिघांनी तीसजणांचं काम केलं.

*

पहिला रणजित. वय एकतीस, एमआयडीसीत सीएनसी मशीनवर. कळंब्याचा, म्हणजे जेलच्या अलीकडचा, हे तो स्वतःच आधी सांगून टाकतो. कॅनडाला जायचं होतं.

पहिल्याच दिवशी मी पत्र दिलं. शेजाऱ्याचा कुत्रा रात्रभर भुंकतो, त्याला तक्रारीचं पत्र लिहा. वीस मिनिटं झाली, पान कोरं.

"काय रे, अडलं कुठं?"

"मॅडम, शेजारी हाय न्हवं?"

"हो."

"मग पत्र कशाला? दारात जाऊन सांगतो की."

"तो घरी नाही असं समज."

"मग संध्याकाळी येईल की. थांबतो मी."

मी शेजाऱ्याला मुंबईला पाठवला. तर म्हणतो, फोन करतो. शेजाऱ्याचा फोन पाण्यात पडला असं मी सांगितलं तेव्हा कुठे गडी लिहायला बसला. लिहिलं बरं. कुत्रा, झोप, आईचं दुखणं, सगळं ओळीनं. आणि शेवटी काय? येत्या रविवारी सहकुटुंब जेवायला या, मटण आहे.

मी लाल पेनानं ती ओळ उडवली. म्हटलं, ही तक्रार आहे, आमंत्रण नव्हे.

रणजितनं वही माझ्याकडे सरकवली. "मॅडम, तक्रार केल्यावर जेवाय बोलवायचं न्हाय? मग शेजार टिकायचा कसा?"

तीस वर्षांच्या मास्तरकीत हा धडा माझ्याकडून राहूनच गेला होता. ती ओळ मी परत पेनानं जोडून दिली.

*

दुसरे बाळासो, कुरुंदवाडचे. गावाकडच्या दूध संघात सुपरवायझर, वय पंचेचाळीस. एवढ्या वयात न्यूझीलंडच्या एका डेअरी फार्मवर कामाची संधी आलेली. घरच्यांनी येड्यात काढलं होतं, म्हणून ईर्षेनं क्लासला यायचे. सकाळी संकलन उरकून मोटरसायकलवरून थेट माझ्या दारात.

मी मुद्दाम त्यांच्या आवडीचा आलेख शोधून काढला. कुठल्याशा देशातलं वर्षभराचं दूध उत्पादन. म्हटलं, घ्या, तुमचाच विषय.

वही बघितली. पहिलंच वाक्य: हा आलेख चुकीचा आहे. पुढे दीड पान का चुकीचा आहे त्याचं. वैरण, पाऊस, जनावराचं वेत, सगळं बैजवार.

"अहो बाळासो, तुम्हांला दिसतंय तेवढंच लिहायचंय."

"दिसतंय ते खोटं हाय, मॅडम. असं दूध वाढत न्हाय. हे कोणतरी हापिसात बसून काढल्यालं हाय."

"असू दे ना! तुम्ही नुसतं वर्णन करा."

"खोट्या आकड्याला मी सही दिली न्हाय कधी. चेअरमन आलता सांगाय, त्यालाबी न्हाय दिली."

माझा पारा चढला. मी म्हटलं, सही कोण मागतंय, वर्णन करा नाहीतर घरी जा. बाळासोंनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, "एक काम करतो. वर लिहितो, ह्या आलेखाच्या म्हणण्यापरमानं. म्हंजे उद्या काय झालं तर ते बघतील."

आता गंमत बघा, उत्तराची सुरुवात नेमकी तशीच करायची असते. ते वाक्य मी बाकीच्यांकडून महिनाभर घोकून घेत होते. बाळासोंनी ते अंगावर काही येऊ नये म्हणून शोधून काढलं.

*

निबंधात बरेचदा विचारतात, दोन्ही बाजू मांडा आणि तुमचं मत द्या. शहरात राहणं चांगलं की गावात, असा विषय दिला होता. रणजितनं गावाची बाजू अशी लिहिली की वाचून मलाच गावाला जावंसं वाटलं. शहराच्या बाजूला एक ओळ. काही लोकांना शहर आवडतं, ते चुकतात.

"एकच ओळ?"

"त्यांना तेवढं बास झालं."

दोन दिवस मी समजावलं. दुसऱ्या बाजूलाही शहाणी माणसं असतात, त्यांचं म्हणणं नीट मांडायचं. डोक्यात शिरेना. शेवटी विचारलं, "लग्न झालंय ना तुझं? सासरे काय करतात?"

"पुण्यात असत्यात. रिटायर."

"त्यांना शहर आवडतं?"

"लई."

"मग असं समज, तू त्यांच्याच घरात जेवायला बसलायस आणि त्यांचं म्हणणं चारचौघांत सांगायचंय. ते समोर आहेत."

रणजितनं कॉलर नीट केली आणि खाली मान घालून दीड पान लिहिलं. तेव्हापासून आमच्याकडे त्याला दुसरी बाजू म्हणत नाहीत, सासऱ्याची बाजू म्हणतात. पहिल्या झटक्यात पास झाला पठ्ठ्या. बाळासोही झाले, आणि निकाल दाखवायला आले ते अख्ख्या घरादाराला घेऊन, ज्यांनी येड्यात काढलं होतं त्यांच्यासकट.

*

तिसरी नंदा. हिच्याबद्दल सांगताना मला अजून भरून येतं.

माहेर-सासर दोन्ही आजरा, इथं एका खाजगी हॉस्पिटलात अठरा वर्षं स्टाफ नर्स. आयर्लंडच्या एका हॉस्पिटलनं तिला निवडलं होतं. बाकी सगळ्या विषयांत पास, रायटिंगमध्ये नवापैकी साडेसहा हवे आणि तीन वेळा सहा पडलेले. तिकडून कळवलं होतं, पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत निकाल दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला देऊ. म्हणजे हा शेवटचा चान्स.

मी पहिला निबंध दिला: लहान मुलांना मोबाईल द्यावा का? नंदानं चार मिनिटांत वही परत केली. तिच्यात लिहिलं होतं: चाइल्ड हॅज फोन. चाइल्ड क्वाएट. मदर इन्फॉर्म्ड.

खाली वेळ आणि सही.

मी हसावं की रडावं? अठरा वर्षं बाईनं पेशंटच्या फायलीत नोंदी केल्या होत्या. जे बघितलं तेवढंच, एक शब्द जास्त नाही. ती सवय मोडायला मला तीन आठवडे लागले. पण हुशार हो. एकदा वाक्यं लांब झाल्यावर दोन्ही बाजू अशा मांडायची की बस्स. बेडच्या दोन्ही बाजूंना भांडणारे नातेवाईक रोज ऐकलेले, त्याचा उपयोग झाला.

गाडी अडली ती मतावर. शेवटचा परिच्छेद कोराच.

"नंदा, तुझं मत?"

"माझं कशाला, मॅडम? मत डॉक्टर देतात."

"इथं डॉक्टर नाहीये. तूच आहेस."

"मग दोन्ही बरोबर आहे असं लिहू?"

*

त्याच आठवड्यात एकदा मी सगळ्यांना चहा केला आणि साखर घालायची विसरले. रणजितनं पहिल्या घोटाला कप खाली ठेवला. बाळासो म्हणाले, "मॅडम, शुगर झाली व्हय तुमास्नी?" नंदानं शांतपणे अख्खा कप संपवला.

मी विचारलं, "कसा होता ग चहा?"

"ठीक होता."

"ठीक? त्यात साखर नव्हती!"

"हो. कळलं की मला."

"मग बोलली का नाहीस?"

नंदा कप विसळून आली, पदराला हात पुसले. मग म्हणाली, "मॅडम, मला कसं वाटलं हे कोणी विचारलंच नाही कधी. घरात नाही, ड्यूटीवर नाही. तुम्ही पहिल्यांदा विचारलं, तर पटकन सुचलं नाही."

माझा सगळा राग जागच्या जागी उतरला. मी तिला म्हटलं, आजपासून रोज इथं येऊन मला एक मत सांगायचं. कशावरही. माझ्या साडीवर सांग, माझ्या शिकवण्यावर सांग.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, पंखा फार आवाज करतो. दुसऱ्या दिवशी म्हणाली, तुम्ही रणजितला जास्त वेळ देता. तिसऱ्या दिवशी साडीवर बोलली. मला ते फारसं आवडलं नाही, पण निबंधाचा शेवटचा परिच्छेद भरायला लागला. आनंदानं मी ती साडी मोलकरणीला देऊन टाकली.

*

शनिवारी नंदाची परीक्षा झाली. निबंध आला होता, आयुष्यभर एकाच ठिकाणी नोकरी करावी की बदलावी. चांगला गेला म्हणाली. मी देवापुढे दिवा लावला.

मंगळवारी संध्याकाळी ती दारात उभी. "मॅडम, मी काल राजीनामा दिला."

"निकाल लागला?"

"नाही अजून. पंधरा दिवस आहेत."

मी खुर्चीतून उठलेच. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? परत सहा पडले तर? तिकडची जागाही गेली आणि इकडचीही! असं कोणी करतं का?"

नंदा खाली बसली. आवाज जराही चढवला नाही. "मॅडम, पेपरात मी लिहिलं की अठरा वर्षं झाली तरी विचारत नसतील तर माणसानं जागा बदलावी. माझ्या हातानं लिहिलं. बाहेर आले तर वाटलं, हे आपलंच मत आहे की. मग परत त्याच ड्यूटीला कुठल्या तोंडानं जाऊ?"

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. नवस बोलणारी बाई नव्हे मी, तरी बोलले. सोळाव्या दिवशी दुपारी नंदा धावत आली, फोन माझ्या हातात कोंबला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी चष्मा लावला. रायटिंग, सात. साडेसहा हवे होते, सात! मी तिला मिठी मारली आणि दोघी भरपूर रडलो.

तासाभरानं माझा फोन वाजला. पलीकडे तिच्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाई. सगळं नर्सिंग त्यांच्या हाताखाली, आणि त्यांच्या आवाजाला डॉक्टरही दचकतात असं नंदाकडून ऐकलेलं. मी मनात म्हटलं, आता शिव्या खायची तयारी ठेवा.

"तुम्हीच शिकवता काय आमच्या नंदाला लिहायला?"

"हो."

"तिचा राजीनामा आलाय माझ्याकडं. पानभर हाय. पहिल्या परिच्छेदात इथंच का राहावं ते लिहिलंय, आम्हांला जमलं नसतं इतकं चांगलं. दुसऱ्यात का जावं. शेवटाला तिचं मत. पंधरा दिवस ड्रॉवरमध्ये ठेवलाय, रोज काढून वाचते."

"मग? मंजूर करणार ना?"

"तो आजच करते." मेट्रनबाईंनी आवाज खाली आणला. "मॅडम, मी इथं सव्वीस वर्षं हाय. तुमची सकाळची बॅच असती का?"