रुथेनियमची वडी

शुक्रवारी भर दुपारी डोंबिवलीच्या कॉलेजातली लाइट गेली, तेव्हा मंजुळा मढवी प्रयोगशाळेत भट्टीसमोर बसलेली होती. पंखा घरघरत थांबला, भट्टीवरचे लाल आकडे विझले. आतल्या नळीत, हजार अंशांच्या वर तापलेली, बटणाएवढी काळी वडी होती. ती अजून रविवारपर्यंत भाजायला हवी होती.

मंजुळा दिवा स्टेशनजवळच्या आगासन गावची. आजोबा मिठागरावर राबले. वडील राघो वीटभट्ट्यांना माती पुरवायचे. घरात एमएस्सी झालेली ती पहिलीच. आलेली स्थळं परतवून तिने त्र्यंबक करंदीकर सरांकडे पीएचडीला नाव घातलं, तेव्हा आई बायजा एवढंच म्हणाली, "मना काय त्यातला कलत नाय. पन धरलंस ना, मंग सोरू नको."

करंदीकर सर वर्गात नेहमी सांगत: अतिवाहक पदार्थ पुरेसा थंड केला, की त्यातून वीज काडीच्याही अडथळ्याविना धावते, पण आत चुंबकत्व शिरलं, की हा गुण मरतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. आता १९९९ साली मात्र रुथेनियम आणि तांब्याच्या एका ऑक्साइडची चर्चा सुरू झाली होती. त्यात अणूंचे थरावर थर. एक थर चुंबकाचा, त्याला खेटून दुसरा अतिवाहक, आणि म्हणे दोघंही जिवंत.

मंजुळाने भाजलेल्या पहिल्या वडीत, एका ढोबळ चाचणीत, दोन्ही खुणा दिसल्या. सर हरखले. परिषदेसाठी निबंध लिहायलाही बसले. पण क्ष-किरणांच्या आलेखात मंजुळाला एक बारीक, नको असलेला उंचवटा दिसला. भाजणी कच्ची राहिली की मागे उरणारा तो मळ होता, आणि तो मळ स्वतःच चुंबक असतो.

"सर, चुंबकत्व त्या मळाचंच असेल तर? मग हा एक पदार्थ नाही, खिचडी आहे."

"एवढा मळ कुणाच्या सॅम्पलमध्ये नसतो गं?" सर वैतागले. "मुंबईचं हेलियमने थंड करून नेमकं मोजणारं यंत्र आपल्याला एकदाच मिळतंय. भाजायची तर भाज नवी. सोमवारपर्यंत झाली नाही, तर जुनीच नेऊ."

आणि आता लाइट गेली होती.

तिने नळी उघडली नाही. आत रुथेनियमची विषारी वाफ, शिवाय हवा लागली असती तर सगळं मातीत गेलं असतं. ऑक्सिजन तेवढा चालू ठेवला. सर दारात येऊन उभे राहिले.

"बंद कर. गेली ती."

"लाइट आली की पुन्हा चढवते, सर."

"आणि नाही आली तर?"

ती ऑक्सिजनकडे वळली. सिलिंडरवरचा काटा खाली खाली येत होता. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळालाय, असं शिपाई सांगून गेला. दिवेलागणीला एकदाचे आकडे उजळले. आत वडी तडकली होती की धड होती, ते बाहेरून कळायला मार्ग नव्हता.

सोमवारी मुंबईच्या प्रयोगशाळेत दोन डब्या टेबलावर आल्या. नवी वडी धड निघाली होती. यंत्रात मात्र एकच बसणार होती. सरांनी जुन्या वडीची डबी पुढे सरकवली.

"नको, सर," मंजुळा म्हणाली. "ती मोजून छापणार असाल, तर निबंधावर माझं नाव नको."

सरांचा चेहरा लालबुंद झाला. "तुझ्या थीसिसवर सही माझी लागते. कळतंय ना काय बोलतेयस ते?"

"कळतंय." तिने नव्या वडीची डबी पुढे केली.

"हेलियम उडून चाललंय हो," यंत्रावरच्या सुमतीबाई म्हणाल्या. "कुठली घालू?"

सरांनी जुनी डबी उचलून खिशात टाकली आणि ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

नवी वडी यंत्रात गेली. तापमान उतरू लागलं. कागदावर पेन सरळ चाललं होतं. जुन्या वडीत ज्या तापमानाला चुंबकत्व जागं झालं होतं, ते आलं आणि गेलं. पेन हललं नाही. मळ नव्हता. पण पुढेही काहीच नाही. मंजुळा कागदावर वाकली. म्हणजे सगळं चुंबकत्व मळाचंच होतं, आणि सरांशी वैर घेऊन आपल्या हाती काय लागलं? तर साधा अतिवाहक!

मग पेन वर उठलं. आधी थरथरत, मग सरळ टोकापर्यंत. चुंबकत्व, आणि तेही मळाशिवाय.

सर टेबलापाशी आले. अजून अर्धीच बाजी झाली होती. बऱ्याच वेळाने, पार खालच्या थंडीत, पेन एकदम कोसळलं. अतिवाहकता. त्याच वडीत, चुंबकत्व असतानाच.

"पुन्हा तापवा आणि पुन्हा उतरवा," सर सुमतीबाईंना म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता. दुसऱ्या फेरीतही तेच आलं.

निबंध नव्याने लिहीपर्यंत परिषदेची मुदत टळली. परदेशातल्या दुसऱ्या एका गटाचा निबंध आधी छापून आला. यांचा मागाहून, दुजोरा म्हणून. सर काही आठवडे मंजुळाशी तुटकच बोलले, पण थीसिसवर सही केली. पुढे ती कल्याणच्या कॉलेजात शिकवायला लागली. चुंबकाचे आणि अतिवाहकाचे थर खरोखर शेजारी नांदतात, की वडीत दोघांचे वेगवेगळे ठिपके असतात, यावर जगभर भांडण चालू होतं. रविवारी ती डोंबिवलीला सरांकडे जायची, आणि चहा निवेपर्यंत दोघं त्यावरच हमरीतुमरीवर येत.