चिरंजीव एकटे मासळीला जातात

चपलेच्या वासावरून माणूस ओळखणारा इसम अख्ख्या बेलापुरात एकच होता, आमच्या शेजारच्या काकूंचे चिरंजीव. हे ज्ञान त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. लहानपणापासून जबर फिट्स यायच्या, उभ्याउभ्या धाडकन कोसळायचे, आणि ते कोसळले की आजूबाजूच्या सुशिक्षितांच्या अंगात वैद्य संचारायचा. जो तो पायातली काढून त्यांच्या नाकाला लावायचा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर एकदा कांदा आणायला माणूस धाडला आणि तोवर स्वतःची चप्पल पुरवली. शुद्धीवर आल्यावर चिरंजीव सावकाश म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, पाय धूत जा."

तिशीला आले तशी फिट्सनीही चाल बदलली. दिवसा कोसळणं जवळजवळ थांबलं, झोपेत अंग आखडणं तेवढं राहिलं. बोलणं मात्र इतकं संथ झालं की सकाळी "चहा घेणार का?" विचारावं आणि जेवणाच्या वेळी "अर्धा" असं उत्तर यावं. बिल्डिंगीने लगेच निकाल लावला: पडत नाही म्हणजे बरा झाला, मग नोकरी का करत नाही? पूर्वी चप्पल घेऊन धावणारेच आता सल्ले घेऊन धावू लागले. आजार गेलेला नाही, मोठेपणी त्याचं रूप बदललंय, असं डॉक्टर सांगून थकले. काकूंच्या लेखी तर रूपबिप काही बदललंच नव्हतं. भर मे महिन्यात कापूस भरलेली कानटोपी चढवल्याशिवाय त्या लेकाला जिना उतरू देत नसत.

आणि या चिरंजीवांनी हट्ट धरला, दिवाळे गावच्या कोळीवाड्यात मासळी आणायला एकटा जाणार. घरात रोज तेच. शेवटी काकू हरल्या. म्हणजे ते पुढे निघाले की बऱ्याच अंतरावरून डोक्यावर पदर घेऊन ह्या मागे. वेषांतर इतकं बेमालूम की दिवाळ्याच्या कोळणी एकमेकींना सांगायच्या, "दादूस आयला, मांगशी आयस येल."

एकदा मीही त्यांच्याबरोबर निघालो. दर वळणावर चिरंजीव वाकून सँडलचा पट्टा सोडत आणि पुन्हा लावत. मी वैतागून म्हटलं, "अरे, तो पट्टा एकदाचा बदलून घे."

उत्तर पुढच्या वळणावर आलं. "पट्टा चांगलाय. आईचे गुडघे गेलेत. मी थांबलो नाही तर ती मागे राहील."

पुढच्या वर्षी काकूंचे गुडघे साफ बसले. त्या गॅलरीत खुर्ची टाकून वाट बघायच्या आणि चिरंजीव एकटे जायचे, अगदी हवं होतं तसं. एकदा मी त्यांना लांबून पाहिलं. वळणावर थांबले, वाकले, पट्टा सोडला. मागे कोणी नव्हतं, तरी नेहमीइतकाच वेळ थांबले.