वाम्पानोग मैत्रिणीचा तास

अबू धाबीतल्या अमेरिकन अभ्यासक्रमाच्या एका शाळेत मी पाचवीला शिकवते. दर नोव्हेंबरला एका अमेरिकन सणाच्या निमित्ताने आमच्या वर्गाचं एक नाटुकलं व्हायचं. चारशे वर्षांपूर्वी जहाजातून अमेरिकेत आलेले उपाशी इंग्रज, त्यांना मका पेरायला शिकवणारे तिथले मूळ रहिवासी वाम्पानोग आणि शेवटी सगळ्यांचं एकत्र जेवण. पिसांचे कागदी मुकुट सहा वर्षं मीच कापले.

त्या वर्षी विज्ञानाला अमेरिकेहून एक नवी टीचर आली. माझ्यासारखीच अल रीम आयलंडवर राहायची, म्हणून आम्ही माझ्या गाडीने जायचो. एकदा मी तिला सहज विचारलं, तू तिकडचीच आहेस, तर मुलांच्या पोशाखांचं जरा बघशील का?

"मी वाम्पानोग आहे," ती म्हणाली. "आमच्यात असे मुकुट कोणी घालत नव्हतं."

ज्यांच्याबद्दल इतकी वर्षं शिकवत होते ते लोक आजही असतील, नोकरी करत असतील, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. सिग्नलला थांबले तेव्हा मी तिची माफी मागितली. वर्गात येऊन बोलशील का, असं विचारल्यावर तिने विचार करायला दोन दिवस मागून घेतले.

ती आली. जहाज येण्याआधीच परदेशी खलाशांकडून आलेल्या साथीने गावंच्या गावं कशी ओस पडली, ते तिने सांगितलं. इंग्रजांनी आल्या आल्या गावकऱ्यांचा पुरून ठेवलेला मका उकरून नेला, तरी तिच्या पूर्वजांनी त्यांच्याशी तह केला. पुढे जमिनी जात राहिल्या, आणि पन्नास-पंचावन्न वर्षांत तह करणाऱ्या सरदाराचाच मुलगा इंग्रजांविरुद्धच्या लढाईत मारला गेला.

रत्नागिरीकडची एक मुलगी पुढच्या बाकावर होती. तिने विचारलं, मग मदत केल्याचा त्यांना पश्चात्ताप झाला का?

"काहींना झाला असेल," ती म्हणाली. "पण आमचा सरदार भोळा नव्हता. त्याची माणसं साथीत गेली होती, शेजारची जमात बलवान होती. त्याला सोबती हवे होते. त्याने शब्द दिला आणि मरेपर्यंत पाळला."

दुसऱ्या दिवशी एका पालकांची तक्रार आली, की लहान मुलांना मारामाऱ्या कशाला सांगता? प्रिन्सिपलनी तिला बोलावलं, तेव्हा मीही गेले आणि तिला मीच बोलावलं होतं, असं सांगितलं. पुढच्या वेळी आधी विचारा, एवढं म्हणून त्यांनी विषय खलास केला. नाटुकलं मी स्वतःच बंद केलं.

दोन वर्षांनी ती घरी परतली. शंभरहून जास्त वर्षं कोणी बोलत नव्हतं ती त्यांची भाषा आता तिची भाची शिकते आहे. परवा तिने भाचीचा त्या भाषेतला आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मला एक अक्षर कळलं नाही, तरी मी तो वर्गात दोनदा लावला.