किल्लीवाल्याच्या घरचं कुलूप

बाजाराच्या कोपऱ्यावर, घड्याळवाल्याच्या दुकानाला चिकटून एक टपरी आहे. आत एकाने बसावं आणि दुसऱ्याने बाहेर उभं राहून वाट पाहावी, एवढीच जागा. भिंतभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, खाली लोखंडाचा कीस सांडलेला. तिथे बसणाऱ्याला सगळे किल्लीवालाच म्हणतात. कामाला चोख आणि बोलायला गमत्या. कानस चालवता चालवता असे किस्से सांगतो, की किल्ली तयार झाली तरी गिऱ्हाईक हलत नाही.

त्याला तीन मुलं. थोरलीला भिंगरी म्हणतात, कारण ती घरात चालताना कुणी पाहिलेली नाही, धावतानाच पाहिली आहे. शाळेच्या संघातही ती धावते. मधला दिवसभर चेंडूमागे. धाकटा पोपट, कारण ऐकलेलं त्याच्या पोटात राहत नाही. तिघांच्याही पोटात सदा कावळे ओरडत असायचे. जेवून हात धुतले की पुन्हा, "आई, काहीतरी दे ना."

आणि आई द्यायची. ती इस्पितळात आया होती. थकून आली तरी झोपण्याआधी चवळी नाहीतर हरभरे भिजत टाकायची, बाजार उठता उठता स्वस्तात भाजी आणायची, शेंगदाणे भाजून डबा भरून ठेवायची. किल्लीवाल्याने हे कधी डोळे उघडून पाहिलंच नव्हतं. ताट समोर यायचं, तो जेवायचा.

मग त्याची सासू घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि बायकोला बिनपगारी रजा टाकून माहेरी जावं लागलं. निघताना ती काय कुठे ठेवलंय ते सांगायला लागली, तर हा म्हणाला, "अगं, तीन पोरांना जेवू घालायचंय, बँकेची तिजोरी फोडायची नाहीये. जा तू."

त्याने घर चालवलं ते पावावर, बिस्किटांवर आणि पाकिटातल्या शेवयांवर. सोपं, झटपट, वर पोरं खूश. पण तासाभरात तिघं पुन्हा दारात. "बाबा, भूक लागली." आठवड्याचा माल दोन दिवसांत फस्त व्हायला लागला, घरात येणारा पैसा तर अर्ध्यावर आलेला. किल्लीवाल्याचा हात आखडला आणि डोकं तापायला लागलं. "पोट आहे का गळकी बादली?" असं तो मुलांवर ओरडायचा, आणि तेच टपरीवर विनोद करून सांगायचा. गिऱ्हाइकं हसायची.

एका सकाळी बिस्किटांचा नवा पुडा रिकामा सापडला. त्याने कुणाला विचारलंही नाही. टपरीवरून एक जुनं कुलूप आणलं, स्वयंपाकघरातल्या कपाटाला कडी बसवली, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मुलं दारात उभी राहून बघत होती. ती गप्प बसली याचंच त्याला तेव्हा बरं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात, संध्याकाळी, शाळेच्या धावण्याच्या मॅडम भिंगरीला हाताला धरून घरी घेऊन आल्या. सराव करताना ती चक्कर येऊन पडली होती. कोपर खरचटलं होतं, ओठ पांढरे पडले होते. किल्लीवाल्याने घाईघाईने तिला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं.

"तिला आधी काहीतरी खायला द्या," मॅडम म्हणाल्या. "दुपारचा डबा ती धाकट्याला देऊन टाकते. माहीत आहे ना तुम्हाला?"

त्याला माहीत नव्हतं. "तिचं खाण्यापिण्याचं जरा नाटकच आहे हो," तो म्हणाला. "कितीही ठेवा पुढ्यात, खायला नको."

भिंगरीने त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मॅडमची नजर तोवर कपाटावर गेली होती. "हे कुलूप?"

"उंदीर," तो पटकन बोलून गेला. "फार झालेत उंदीर."

"उंदीर नाही मॅडम," दारातून पोपट म्हणाला. "आम्ही."

नळाखालची बादली भरली नव्हती, तरी किल्लीवाल्याने उगाच जाऊन नळ बंद केला. मॅडमनी त्याला एक शब्दही सुनावला नाही, आणि त्यानेच त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यातून भिंगरी म्हणाली, "मला बरं वाटतंय आता. तुम्ही जा मॅडम, उशीर होईल तुम्हाला." ती बापाची अब्रू झाकत होती. चक्कर येऊन पडलेली पोर, आणि सांभाळून घेत होती ती त्याला.

मॅडम गेल्यावर त्याने कुलूप काढलं. आत अर्धा पुडा बिस्किटं, तळाला लागलेली जॅमची बाटली आणि साखर. एवढ्यासाठी! बिस्किटं भिंगरीच्या हातात देऊन तो तिथेच फरशीवर बसला.

मग त्याने बायकोला फोन लावला. लपवून उपयोग नव्हता, पोपट होताच; पण त्याआधी आपण सांगावं असं त्याला वाटलं. थाप मारली तीही सांगितली.

"माझ्या पोरांना उंदीर म्हणालात?" ती म्हणाली.

"हो."

तिने नाक ओढल्याचं त्याला ऐकू आलं. मग ती म्हणाली, "मसूर भिजवायला लागत नाहीत. तिथून सुरू करा. कडेच्या डब्यात आहेत. आणि फोन चालू ठेवा."

त्या दिवशी मसूर तळाला लागले. मुलांनी ते भातावर घेऊन, करपलेल्या वासासकट संपवले. हळूहळू तो शिकला. बाजार उठताना डागी भोपळा, मऊ पडलेले टोमॅटो, घडातून तुटलेली केळी मागायला शिकला. तिथे ओळखीचं गिऱ्हाईक दिसलं की सुरुवातीला पिशवी पाठीमागे धरायचा. पुढे पुढे धरेना. चवळीचं घट्ट कालवण, उकडलेली अंडी, शेंगदाणे आणि गूळ असं पोटात गेलं की पोरं संध्याकाळपर्यंत मागायला येईनात. भूक तेवढीच होती. आपण पोरांचं नुसतं पोट फुगवत होतो, हे त्याला आता कळलं, आणि कळल्याने मन हलकं झालं नाही.

कारण कपाटाची कडी त्याने उपटून टाकली होती, दारावर फक्त दोन भोकं उरली होती, तरी पोपट कपाटासमोर उभा राहून विचारायचा, "बाबा, उघडू?" "विचारायचं नाही रे," तो सांगायचा. पोपट मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा.

बायको परतली तेव्हा चुलीवर वाटाणे शिजत होते. तिने झाकण उघडून वास घेतला, मीठ टाकलं. "मी तुम्हाला कधी शिकवलंच नाही," ती म्हणाली.

"शिकवलं असतंस तरी मी शिकलो नसतो."

"तेही खरंच," ती म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

टपरीवर तो अजूनही किस्से सांगतो, फक्त मुलांच्या पोटावर विनोद करत नाही. शर्यतीच्या दिवशी दुकान लवकर बंद करून मैदानावर जातो. सोबत अंड्यांचा डबा असतो, भिंगरीपुरता नाही, चांगला दहा पोरांना पुरेल असा. मॅडम दिसल्या की नमस्कार करतात, मोकळेपणाने चौकशीही करतात. त्यांनी ते मनात ठेवलेलं नाही. किल्लीवाला मात्र त्यांच्याकडे धड बघू शकत नाही. हो, ठीक, असं काहीतरी पुटपुटतो आणि खाली बघून अंडं सोलत राहतो.